बिनमोटारीचं पाणी

गळणारा नळ दिसला की वॉशरचं डोकं फिरायचं. एकदा एका घरी आजोबा गेले म्हणून तो भेटायला गेला होता. सगळे माना खाली घालून बसलेले, कुणी बोलेना, आणि आतल्या मोरीतून एकसारखं टप्, टप्, टप्. थोडा वेळ त्याने दम धरला. मग हळूच उठून आत गेला आणि परत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, पण नळ गप्प होता. आजी रडता रडता म्हणाल्या, "बरं केलंस रे बाबा, ह्यांना मी वर्षभर सांगत होते." त्या दिवसापासून बायकोने त्याला कुठेही नेताना आधी दम भरायला सुरुवात केली, "आपण पाहुणे आहोत. बेसिनखाली वाकायचं नाही!"

वॉशर हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. तो प्लंबर, आणि कुणी काहीही तक्रार सांगितली तरी याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वॉशर गेला असेल." मित्रांनी तेच चिकटवून टाकलं आणि पुढे बायकोही लाडात आली किंवा चिडली की तेच म्हणू लागली. फक्त सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या "जावईबापू", आणि तेसुद्धा असं, की समोरचा शर्टाचं बटण लागलंय ना ते चाचपून बघेल.

सासूबाई म्हणजे शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाई. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघे कामातून गेलेले, तेव्हा लेकीने हट्टाने त्यांना आपल्याकडे आणलं. आल्या त्या एक बॅग आणि एक कुंडी घेऊन. निळ्या चिनी मातीची कुंडी आणि तिच्यात पीस लिली. रुंद, चकचकीत हिरवी पानं आणि मधून उंच देठावर पांढरी फुलं, प्रत्येक फूल म्हणजे एकच पाकळी, मधल्या दांड्यावर ओंजळ धरावी तशी. बाकी सगळं त्यांनी वाटून टाकलं होतं.

आल्या, पण राहिल्या नाहीत, असंच म्हणायला हवं. आपल्या खोलीच्या बाहेर यायच्या त्या जेवायला. चहा हवा का विचारलं तर "तुम्ही करणार असाल तर." उठताना हात द्यायला गेलं तर हात झटकून भिंत धरायच्या. भिंतीची मदत चालायची, माणसाची नाही. वॉशरला वाटायचं, आपण त्यांना मुळातच आवडत नाही, त्यांच्या हुशार लेकीने पाइप कापणाऱ्याशी लग्न केलं ते त्यांना अजून पचलेलं नाही. तो त्यांच्यासमोर बोलायचाच नाही. एका छपराखाली दोघं अशी राहायची, जशी परीक्षेच्या हॉलमध्ये.

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा त्यांनी लेकीला शांतपणे सांगून टाकलं, "ऑपरेशन होईल, मग तिथे व्यायाम शिकवतील, तो झाला की मी वृद्धाश्रमात जाते. चौकशी करून ठेवली आहे. जाता जाता इथून बॅग आणि झाड तेवढं घेईन." लेक रडली, भांडली, अबोला धरला. सासूबाई ढिम्म. "कुणाच्या घरात अडगळ होऊन राहणं मला जमणार नाही," एवढंच म्हणाल्या.

आणि निघायच्या दिवशी दारात थांबून त्या जावयाला म्हणाल्या, "जावईबापू, झाडाकडे बघाल ना?"

वॉशरला क्षणभर खरंच वाटेना. इतक्या दिवसांत त्यांनी त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. "आई, तुम्ही काळजीच सोडा," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज इतका मोठा निघाला की शेजारचं दार उघडलं. त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता. परत येतील तेव्हा झाड असं दाखवायचं, असं दाखवायचं, की बाईंनी बॅगच विसरायला हवी!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कुंडीत छान तांब्याभर पाणी घातलं आणि खालून टप् असा आवाज आला.

बशी भरली, बशीतून पाणी खिडकीच्या कट्ट्यावर, कट्ट्यावरून भिंतीवर. त्याने कुंडी उचलून खाली बघितलं. तळाला चांगलं बोटभर भोक! "अरेरे," तो मनात म्हणाला, "एवढ्या शिकलेल्या बाई, आणि इतकी वर्षं फुटक्या कुंडीत झाड ठेवलं. कुणी सांगितलंही नाही बिचारीला." त्याचं मन भरून आलं. त्याने पिशवीतून पाइपाची पुट्टी काढली, तिचे दोन रंगांचे गोळे एकत्र मळले, भोकात ठासून भरले, वरून अंगठ्याने असं गुळगुळीत केलं की बघत राहावं. पुन्हा पाणी घातलं. एक थेंब बाहेर नाही. त्याने बायकोला हाक मारून दाखवलं. बायको औषधांच्या दुकानात निघाली होती, घाईत म्हणाली, "व्वा!"

मग रोज पाणी. सकाळी कामाला जाताना एक तांब्या आणि आल्यावर आठवण झाली तर अजून थोडं. झाडाची सेवा करायची तर हात आखडता कशाला घ्यायचा?

काही दिवसांनी पानांनी माना टाकल्या. तहान लागली असणार! पाणी वाढवलं. पानं आणखी झुकली, कडेने पिवळी पडली, फुलं तपकिरी होऊन लोंबली. बायकोने बघितलं आणि मटकन पलंगावर बसली. "अहो, हे मेलं तर," ती म्हणाली, "आई एक शब्द बोलणार नाही. बॅग उचलेल आणि जाईल. आणि पुन्हा कधी म्हणजे कधी यायची नाही, मी ओळखते तिला." वॉशरच्या तोंडचं पाणीच पळालं. तो कुंडीवर वाकला आणि तेव्हा त्याला तो वास आला.

तो वास त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. तुंबलेल्या मोरीचं झाकण उघडलं की येतो तो. घरात, सासूबाईंच्या खोलीत, त्यांच्या झाडातून तो वास येत होता, आणि याचा अर्थ वॉशरला कुणी सांगायची गरज नव्हती. कुठेतरी पाणी साठून सडलं होतं.

कुंडी पोटाशी धरून तो नर्सरीत गेला. नर्सरीची मालकीण ही जाडजूड, फटकळ बाई, तिने झाडाकडे नाही, आधी कुंडीच्या बुडाकडे बघितलं.

"भोक कुठाय?"

"बुजवलं," वॉशर म्हणाला. "गळत होतं."

तिने कुंडी खाली ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "धंदा काय तुमचा?"

"प्लंबर."

"वाटलंच!" ती इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अहो दादा, ती गळती नव्हे, आउटलेट होतं ते! न्हाणीघराचं आउटलेट बुजवून वर नळ सोडून द्याल का? बुडवलंत की हो झाड. मुळांना हवा लागते, ती गुदमरली, कुजली. आता पाणी प्यायला मुळंच नाहीत, म्हणून झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतंय. आणि तुम्ही काय, अजून पाणी!"

पाण्यात उभं राहून तहानेनं. वॉशरला ते फार लागलं. त्याचा चेहरा बघून बाईचं हसू विझलं. तिने मग नीट समजावून सांगितलं, काय कापायचं, काय ठेवायचं, कसली माती घ्यायची. एक लहान साधी मातीची कुंडीही दिली. "जगेल?" त्याने विचारलं. "पांढरं मूळ सापडलं तर," ती म्हणाली. "आणि हो, तुमचा तो तांब्या लपवून ठेवा."

घरी येऊन त्याने न्हाणीघरात वर्तमानपत्र अंथरलं, कात्री स्पिरिटने पुसली आणि निळी कुंडी आडवी करून झाड ओढून काढलं. चिखलाचा गोळा बाहेर आला. बादलीतल्या पाण्यात तो हलकेच खंगाळू लागला. मुळं तपकिरी, बुळबुळीत, बोटात धरलं की साल निसटून हातात नुसता दोरा राहायचा. एक कापलं, दुसरं कापलं. तो कापतच गेला आणि कापताना त्याचे ओठ आपोआप पुटपुटत होते, "एक तरी, एक तरी ठेव रे."

आणि अगदी आत, गड्ड्याच्या एका बाजूला, बोट टणक कशाला तरी लागून थांबलं. त्याने पाण्याची धार बारीक करून माती धुतली. पांढरं. स्वच्छ, टणक, पांढरंशुभ्र मूळ. त्याच्या शेजारी अजून एक-दोन. टोकाशी इतकी बारीक लव की श्वास लागला तरी हलेल.

वॉशर उकिडवा बसून बघत राहिला. आयुष्यभर त्याने पाइप बघितले होते, लोखंडी, तांब्याचे, प्लास्टिकचे. पाणी वरून खाली येतं ते आपल्या मर्जीने, आणि खालून वर न्यायचं तर मोटार लागते, हे त्याला आपल्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. नावाहून पक्कं म्हणा. मग या दोऱ्याएवढ्या मुळातून पाणी वर चढत कसं होतं? हातभर उंच पानापर्यंत? ना मोटार, ना टाकी, ना एक जॉइंट. इतकी घरं फिरलो, घराघरात झाडं बघितली आणि हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो, झालं का? मला तोंड धुवायचंय," बायको बाहेरून ओरडली.

"अगं, याला मोटार कुठाय?" तो आतून ओरडला.

सुकलेली फुलं काढली, पिवळी पानं काढली, राहिली ती दोन-तीन हिरवी. वाळू आणि काथ्याचा भुसा मिसळलेल्या मोकळ्या मातीत, लहान कुंडीत ते झाड बसलं तेव्हा इतकं केविलवाणं दिसलं की बायकोने तोंड फिरवलं. निळी कुंडी त्याने पुट्टी ठोकून काढून, घासूनपुसून कपाटावर ठेवली. माती दमट होती, म्हणून आता पाणी नाही. काही करायचं नाही. वॉशरसाठी याहून मोठी शिक्षा नव्हती. हात शिवशिवायचे. तो खोलीत जायचा, मातीत बोट घालायचा, परत यायचा, पुन्हा जायचा.

पण तो मोटारीचा प्रश्न काही त्याला सोडेना. शेवटी त्याने न राहवून दवाखान्यात फोन लावला.

"आई, कशा आहात? गुडघा काय म्हणतो? बरं, एक विचारू का? झाडात पाणी वर कसं चढतं?"

"काय?"

"नाही, म्हणजे मोटार नसते ना."

सासूबाईंनी घसा साफ केला, आणि मग वॉशरने कधी न ऐकलेला आवाज आला. घरातला तो मोजून मापून बोलणारा नव्हे, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पानाला बारीक छिद्रं असतात, जावईबापू. त्यातून पाण्याची वाफ बाहेर पडते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. एक बाहेर पडला की मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. पानापासून थेट मुळापर्यंत एक अखंड धागा."

"पाण्याचा धागा?"

"पाण्याचा."

"पण आई, ओढून पाणी तीस-बत्तीस फुटांच्या वर चढत नाही! आम्हाला पुढे खालून ढकलावंच लागतं. तुम्ही कितीही मोठी मोटार वर ठेवा!"

"आणि त्याच्या दसपट उंच झाडं आहेत जगात," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हसत होता. "ओढूनच चढवतात. आवाजसुद्धा न करता."

वॉशर भिंतीला टेकून खाली बसला. मग एकदम ताठ झाला. "आणि मध्ये हवा शिरली तर?"

"शाब्बास! तर धागा तुटतो, ती नळी बंद पडते. पाणी शेजारच्या नळीतून वाट काढतं."

"एअरलॉक!" वॉशर किंचाळला. "आई, झाडाला एअरलॉक होतो!"

त्यानंतर रोज फोन. तो कामावर असताना कुणाच्या तरी सिंकखाली पाठीवर पडल्या पडल्या त्याला काहीतरी सुचायचं आणि कधी एकदा विचारतोय असं व्हायचं. रात्री पानांची छिद्रं मिटतात, मग ओढतं कोण? "तेव्हा मुळं खालून थोडं ढकलतात," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत असतील तर." त्या रोज वाट बघत असतात असं तिथल्या नर्सने बायकोला सांगितलं. एकदा तर त्याने, जीभ आवरायच्या आत, विचारून टाकलं, "आई, मुळं पांढरीच असतात का हो?"

"निरोगी असली तर. का?"

"सहज."

"सहज," सासूबाई म्हणाल्या. पण वृद्धाश्रमाचा विषय त्यांनी सोडलेला नव्हता. व्यायाम संपत आला, जायचा दिवस ठरला, सकाळी लवकर निघून आधी इथे येणार, बॅग आणि झाड घेणार आणि त्याच गाडीने पुढे. लेक आणायला गेली ती डोळे पुसतच.

आदल्या संध्याकाळी बोटाला माती कोरडी लागली होती, तेव्हा वॉशरने चमच्याने, हो, चमच्याने, थोडं पाणी दिलं होतं. ती सकाळ ढगाळ निघाली. तो सासूबाईंच्या खोलीत शिरला. खिडकी बंद, हवा थंड. झाड होतं तसंच, दोन-तीन पानं, मधे सुरळीसारखा एक कोंब आलेला, बस्स. हे दाखवायचं? हे? आणि तेवढ्यात त्याला सगळ्यात उंच पानाच्या टोकाला एक थेंब दिसला.

त्याने सवयीने वर बघितलं. छत कोरडं. हात लावून बघितलं, भिंत कोरडी. थेंब त्याने बोटाने टिपला आणि तो विचार करत उभा राहिला, की वरच्या मजल्यावर कुठला पाइप गळतोय. तोवर पानाच्या टोकाला पुन्हा काहीतरी चमकलं. आधी ओलावा, मग टिंब, मग फुगत फुगत पुरा गोल थेंब.

वॉशरने श्वास रोखला. हे आतून येत होतं. चमच्याने दिलेलं ते पाणी अंधारात, मातीत, त्या मुळांनी उचललं होतं आणि वर ढकललं होतं, देठातून, पानाच्या शिरेतून, थेट इथपर्यंत. जिवंत असतील तर, बाई म्हणाल्या होत्या. देवळात उभं राहिल्यासारखे त्याने नकळत हात जोडले होते, आणि त्याची त्याला जराही लाज वाटली नाही.

खाली गाडी थांबली, लिफ्ट वर आली. वॉकरचा टक्टक् आवाज आला आणि सासूबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांची नजर सरळ झाडावर गेली. लहान मातीची कुंडी. पानं नाहीतच जवळजवळ. फुलं तर नाहीतच.

"आई," वॉशर म्हणाला, "मी ते भोक, म्हणजे मला वाटलं कुंडी फुटकी आहे—"

"मुळं पांढरी असतात का, असं ज्या दिवशी विचारलंत त्याच दिवशी कळलं मला," सासूबाई म्हणाल्या. "धडधाकट झाडाची मुळं कुणी बघत नाही, जावईबापू."

मागे उभ्या असलेल्या बायकोने डोळे मिटून घेतले. वॉशरला वाटलं, संपलं. तरी त्याने पानाच्या टोकाकडे बोट केलं. म्हणाला, "हे बघा ना."

सासूबाईंनी बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. एक पाऊल पुढे आल्या. "हे मुळांनी ढकललेलं," त्या हळूच म्हणाल्या. "जन्मभर फळ्यावर काढलं मी हे. पान काढायचे, टोकाशी थेंब काढायचे, बाण काढायचे. मुलं उतरवून घ्यायची. पण बघायला..." त्या थांबल्या. "मी असं थांबून कधी बघितलंच नाही हो."

त्यांना वाकून जवळून बघायचं होतं. नवा गुडघा वाकेना. कट्टा धरायला हात गेला, तर कट्ट्यावर कुंडी. हात क्षणभर हवेत राहिला, आणि मग त्यांनी वॉकर सोडून दिला आणि तो हात वॉशरच्या खांद्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, सगळा भार टाकला. वॉशर पाय रोवून उभा राहिला. पानाच्या टोकाला नवा थेंब धरू लागला होता.

खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला.

"आई," लेक दारातून म्हणाली, तिचा आवाज फुटत होता, "गाडी थांबली आहे. बॅग नेऊ का खाली?"

"श्श," सासूबाईंनी थेंबावरची नजर न काढता हात हलवला. "त्याला पाठवून दे. आम्हाला वेळ लागणार आहे."